खरं पाकीट, खोटं पाकीट

१२ फेब्रुवारी

परवानगी आली. वेन गुरुजींच्या छातीच्या रोगावरच्या काढ्याची चाचणी आता खरोखर होणार. चार दवाखान्यांत मिळून. त्यातला एक आमचा. सरकारी नोंदी मी ठेवणारच आहे, पण त्यांत शंकेला रकाना नसतो. म्हणून ही वही वेगळी.

गुरुजींना सांगायला गेले तेव्हा ते अंगणात उन्हाला बसून पीचच्या बिया फोडत होते. आता दवाखान्यात येत नाहीत, पण हाताला चाळा लागतोच.

"झालं का तुझ्या मनासारखं?" म्हणाले.

"तुमच्याही मनासारखं झालंय, गुरुजी."

"माझ्या मनाचं राहू दे. ते चाळीस वर्षं हेच औषध देत आलंय. त्याला कुणाची परवानगी लागली नाही."

त्यांना राग माझा नाही, काळाचा आहे. त्यांच्या उमेदीत एखाद्या वैद्याने 'इतक्यांना दिलं, बहुतेकांना गुण आला' असं लिहून धाडलं की छापून यायचं. आता मासिकं पहिला प्रश्न विचारतात, नकली औषधाशी ताडून पाहिलं का? बरोबरच विचारतात. गेल्या वर्षी छंगतूच्या परिषदेत तरुण पोरं पडद्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी चित्रं दाखवत होती. कुठल्या मुळीतला कुठला कण शरीरात कुठे जाऊन बसतो, सगळं संगणकाने काढलेलं. सुंदर दिसत होतं. मी मागून विचारलं, "हे कुणा माणसाला पाजलंय का?" सभागृहात हशा पिकला. मी विनोद केला नव्हता.

२० फेब्रुवारी

गुरुजींशी वाद. व्हायचाच होता.

"ज्याची जीभ कोरडी, त्यालाही हेच औषध?"

"हेच."

"ज्याच्या पायांवर सूज, त्यालाही?"

"त्यालाही हेच, गुरुजी. सगळ्यांना एकच. नाहीतर कशाने काय झालं ते कळायचं कसं?"

"मग नाडी कशाला बघायची?"

"बघायची, नोंदवायची. औषध बदलायचं नाही."

"म्हणजे चोर दिसतोय, पण धरायचा नाही." त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. "रुइचिन, काढा हा अंगरखा आहे. माणूस बघून शिवतात. तू एकाच मापाचे शंभर शिवणार आणि मग म्हणणार, कापड वाईट."

त्यांचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. बरोबर आहे असंही म्हणता येत नाही. मी त्यांची शेवटची शिष्या. माझ्या आधीचे सगळे मोठ्या शहरांत जाऊन कातडी तुकतुकीत करायची औषधं विकतात.

आज कारखान्यातून दोन्ही पाकिटं नमुन्याला आली. गरम पाण्यात घालून दोन्ही चाखली. दोन्ही कडू, दोन्ही तपकिरी, दोन्हींना ज्येष्ठमधाचा तोच गोडसर शेवट. कुठलं खरं, मला सांगता आलं नाही. हे चांगलंच आहे म्हणायचं. 

४ मार्च

शाहे गावची माणसं आली. सगळी एकाच टेंपोतून. आमच्याकडचे जवळपास सगळे रुग्ण तिथलेच असणार, कारण त्या गावातले निम्मे पुरुष तरुणपणी परप्रांतात सोन्याच्या खाणीत गेले होते. डोंगराच्या पोटात कोरडी भोकं पाडायची, पाणी न मारता, आणि उडणारी दगडाची धूळ छातीत भरायची. आता त्यांच्या छातीच्या फोटोत पांढरे ढग दिसतात. या रोगावर कुणाकडेच औषध नाही, आमच्याकडे नाही तसं पाश्चात्यांकडेही नाही. फुप्फुस धुता येतं, परत नवं करता येत नाही.

त्यांचा म्होरक्या पेई बाओथ्यान. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा. बोलताना मध्येच थांबतो आणि आपण श्वासासाठी नाही, विचारासाठी थांबलो असं भासवतो. त्याची बायको बरोबर होती. सगळे तिला वहिनी म्हणतात, मीही म्हणायला लागले.

एकाला परत पाठवावं लागलं. लुओ यूनहाई. वयाने सगळ्यांत लहान, चाळिशीही गाठलेली नाही, पण फुप्फुस सगळ्यांत वाईट. चाचणीची अट आहे, अमुक एवढा श्वास तरी भरता यायला हवा. त्याला तीनदा फुंकायला लावलं. तिसऱ्यांदा पेई त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला, जणू हातानेच हवा आत ढकलणार होता. यंत्राचा काटा पुढे गेला नाही.

"पुढच्या वेळेला घ्याल?" लुओने विचारलं.

मी म्हटलं, "अट आहे हो. माझ्या हातात नाही."

"असू दे, असू दे," तो म्हणाला. माझीच समजूत घालावी तसा.

पेई काहीच बोलला नाही. बाकीचेही नाहीत. मला वाटलं होतं, तंटा करतील. समजूतदार माणसं आहेत.

६ मार्च

आज सह्या. कायद्याप्रमाणे सगळं समजावून सांगावं लागतं, ते मी सांगितलं. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना तसंच दिसणारं नकली. कुणाला कुठलं ते संगणक चिठ्ठी टाकून ठरवतो.

पेई म्हणाला, "आणि तुम्हाला माहीत असतं, कुणाचं कुठलं?"

"नाही. मलाही नाही. गुरुजींनाही नाही."

"म्हणजे देणाऱ्यालाही ठाऊक नाही, घेणाऱ्यालाही नाही."

"हो. तोच तर उद्देश आहे."

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग हसला. "भले! म्हणजे पाकिटाला नाव नाही. माझं म्हणून काही नाहीच त्यात."

"नंबर आहे," मी म्हटलं.

"नंबर आहे, हो," म्हणाला आणि सही केली. इतक्या लवकर ही गोष्ट उमगलेला रुग्ण मी अजून पाहिला नव्हता. लानचौच्या हुओला फोनवर सांगितलं. हुओ सगळ्या केंद्रांचे आकडे सांभाळतो. तो म्हणाला, "असे रुग्ण मिळायला नशीब लागतं."

१९ मार्च

पहिली पाकिटं वाटली. शाहेच्या मंडळींची एकच मागणी: सगळ्यांना एकाच दिवशी द्या, वेगवेगळ्या तारखा नकोत. टेंपो एक, रस्ता लांब. लगेच मान्य केलं.

लुओही आला होता. त्याला काही मिळणार नव्हतं, तरी टेंपोत बसून आला आणि बाहेरच्या बाकावर भिंतीला टेकून थांबला. कसली मैत्री! वहिनींनी त्याला मक्याची भाकरी मोडून दिली, पाण्यात बुडवून.

५ एप्रिल

पितरांच्या थडग्यांवरची माती सारखी करण्याचा दिवस. दवाखाना बंद. गुरुजींबरोबर त्यांच्या पत्नीच्या थडग्यावर गेले. चढ फार नाही, तरी ते दोन ठिकाणी बसले. दुसऱ्यांदा बसले तेव्हा म्हणाले, "ती छातीच्या रोगानेच गेली, तुला सांगितलं होतं का?"

सांगितलं होतं, अनेकदा. मी नाही म्हटलं.

"हा काढा मी तिच्यासाठी बांधायला घेतला. ती होती तोवर जमला नाही. ती गेल्यावर जमला. जमला असं मला वाटतं. त्या वाटण्यावर मी इतक्या लोकांना पाजला." थोडं थांबून म्हणाले, "जायच्या आधी कळलं तर बरं."

नाडी, अंगरखा वगैरे त्यांचे वाद मी मनाला लावून घेते. मुळात त्यांना माझ्यापेक्षा जास्त भीती वाटते आहे.

२३ एप्रिल

शाहेची दुसरी फेरी. रिकामी पाकिटं परत आणायची अट आहे. बाकीच्या केंद्रांवर माणसं अर्धी पाकिटं विसरतात, पोरं त्यांच्या होड्या करतात. शाहेची सगळीच्या सगळी आली, धुऊन वाळवून, एका दोऱ्यात ओवून. नंबरांची मात्र सरमिसळ झाली होती, वहिनी म्हणाल्या, "माझ्याच हातून मिसळली, डॉक्टरीणबाई, राग धरू नका." मी बसून लावून घेतली. कुणी एकही दिवस चुकवलेला नाही. हुओ म्हणतो, देशभरच्या चाचण्यांत असं पालन त्याने पाहिलं नाही.

सहा मिनिटांत किती चालवतं ते मोजलं, त्यात सगळेच थोडे पुढे गेलेत. थोडेच, पण सगळे.

बाकावर बसलेल्या लुओचाही चेहरा आज बरा वाटला. वसंत लागलाय, खोकला कमी होतोच. परतताना मंडळी बाजारात थांबली. वहिनींनी एक भलं मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं घेतलं, लग्नाला लागतं तेवढं. मी गमतीने विचारलं, "कुणाचं लग्न?" त्या लाजल्या. काहीतरी ठरत असेल घरात.

२ जून

शाहेत एकाच दिवशी सगळ्यांची पोटं बिघडली. फोन आल्याबरोबर औषध थांबवायचं का म्हणून धावपळ. पण खरं-खोटं घेणाऱ्या सगळ्यांना एकदम त्रास झाला, म्हणजे औषधाचा दोष असणं शक्य नाही. सणाचे चिकट तांदळाचे लाडू पानात बांधून आदल्या दिवशी केले होते, ते उन्हात राहिले असणार. लुओचंही पोट बिघडलं, आणि तो तर औषधात नाहीच. झाली की खात्री. नोंदीत 'अन्नबाधा' लिहिलं.

गुरुजींना सांगितलं तर म्हणाले, "लुओचं? तो कोरड्या प्रकृतीचा ना? जीभ लालसर, तडे गेलेली?" मार्चमध्ये त्याला एकदाच त्यांच्या घरी नेऊन दाखवलं होतं, तरी लक्षात.

"हो. पण तो चाचणीत नाही, गुरुजी."

"हं," म्हणाले. मग बराच वेळ पीचच्या बिया चाचपत बसले.

२७ जून

हुओचा फोन. आवाज उतरलेला.

"हे मी तुला सांगायला नको, पण सांगतो. अर्ध्या वाटेवरचे आकडे बघितले. बाकी तीन ठिकाणी दोन गट वेगळे पडताहेत. थोडेच, पण पडताहेत. खरा कुठला ते मलाही दिसत नाही. तुझ्याकडे मात्र दोन्ही गट हुबेहूब सारखे. सावलीसारखे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझे आकडे बाकीच्यांना खाली ओढताहेत. असंच राहिलं तर निकाल 'फरक नाही' असा लागेल."

गुरुजींना सांगायला नको होतं, सांगितलं. ते म्हणाले, "शाहेच्या लोकांना माझं औषध लागत नाही?" लहान पोरासारखं. "तीच धूळ, तीच छाती. तिथेच का लागत नाही?"

 पाणी? हवा? तिथली उंची? रात्रभर नुसती कारणं मोजत पडणार आहे.

११ जुलै

हे आजच लिहायला हवं.

काल पेईचा फोन आला, लुओला बरं नाही, वाटेने जाणार असाल तर बघून जा. मी त्यांना न कळवता आज सकाळीच निघाले. शाहेला पोचले तेव्हा पेईच्या अंगणाचं दार उघडं होतं. आत सगळे ओट्याला पाठ लावून बसलेले. वहिनींसमोर ते मोठं पातेलं, त्यातून वाफ निघत होती. मांडीवर पाकिटांचा ढीग. एकेक पाकीट फाडून पातेल्यात रितं करत होत्या, सगळ्यांची. मग लाकडी पळीने ढवळून वाडग्यांत ओतत होत्या. एका वाडग्यात थेंबभर जास्त गेलं तर पळीने काढून दुसऱ्यात. वाडगे माणसांपेक्षा एक जास्त होते. तो शेवटचा त्यांनी आधी उचलला आणि आतल्या खोलीत लुओकडे नेला.

मी उंबऱ्यात उभी होते. पहिल्यांदा पेईने पाहिलं.

कुणी पळापळ केली नाही. वाडगेही लपवले नाहीत.

"या, डॉक्टरीणबाई," तो म्हणाला. "राळ्याची पेज घ्या थोडी."

"हे कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"पेईदादा, तुम्ही सही केलीत. तुम्हाला सगळं कळलं होतं. तुम्हालाच तर सगळ्यांत आधी कळलं होतं!"

"कळलं म्हणून तर." तो थांबला, या वेळी खरंच श्वासासाठी. "तुम्ही म्हणालात, निम्म्यांना खरं, निम्म्यांना खोटं, आणि लुओला काहीच नाही. आम्ही टेंपोतच ठरवलं. डॉक्टरीणबाई, धूळ खाताना कुणी चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. सगळ्यांनी खाल्ली."

मी रागावले. फार रागावले. म्हटलं, तुम्ही फक्त आपल्यापुरतं पाहिलंत. या औषधाचा गुण सिद्ध झाला असता तर देशातल्या हजारो खाणकामगारांना मिळालं असतं. आता ते निरुपयोगी ठरेल, तुमच्यामुळे. हे बोलताना माझा आवाज चढला.

त्यातल्या कुणीतरी मान खाली घातली. पेईने नाही घातली. म्हणाला, "ते हजारो आम्हाला दिसत नव्हते. लुओ दिसत होता."

आत जाऊन लुओला तपासलं. ओठ निळसर. हिवाळ्यात खालून तापवतात त्या विटांच्या बैठकीवर उशांना टेकून बसलेला, आडवं होता येत नाही. मला बघून म्हणाला, "त्यांना बोलू नका. मी नको म्हणत होतो." वाडगा त्याने दोन्ही हातांनी धरला होता. मी तो काढून घेतला नाही. काढून घ्यायला हवा होता की नको, हे मला अजूनही ठरवता येत नाही.

१२ जुलै

हुओला सगळं सांगितलं. 

तो म्हणाला, "ऐक. कळवायचं तर असं कळव: पावसाने रस्ता खचला, शाहेची माणसं नियमित येऊ शकली नाहीत, म्हणून चाचणीतून गळली. रस्ता खचला होताच की मे महिन्यात. त्या लोकांवर ठपका नाही, तुझ्यावर नाही, गुरुजींवर नाही. आकडे स्वच्छ होतील."

"आणि खरं लिहिलं तर?"

"तर समिती सगळंच थांबवेल. बाकी तीन ठिकाणीही असंच झालंय का, घरोघर जाऊन तपासतील. महिने जातील. शिवाय चाचणीबाहेरच्या माणसाला औषध गेलंय, त्याची वेगळी चौकशी."

गुरुजींकडे गेले. वाटलं होतं, ते एका वाक्यात निकाल देतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पहिला प्रश्न काय विचारला तर, "त्या वहिनी पाणी कढत घालायच्या की कोमट?"

"कढत."

"मग ठीक." त्यानंतर खिडकीकडे बघत म्हणाले, "हुओ म्हणतो तसं लिही."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"रस्ता खचला असं लिही, रुइचिन. मी किती महिने काढणार? मला कळायला हवं."

मी बाहेर आले. वीस वर्षांत या माणसाने मला एक खोटी ओळ लिहू दिली नव्हती. नाडी सापडली नाही तर 'सापडली नाही' असं लिहायला लावायचे.

१४ जुलै

काल दिवसभर दोन मसुदे समोर ठेवून बसले. रस्त्याचा मसुदा चांगला उतरला होता, वाचला तर मलाही पटत होता. त्याचीच भीती वाटली.

आज सकाळी खरा मसुदा पाठवला. पाठवून झाल्यावर तासाभराने दारावर काठीचा आवाज. गुरुजी. एकटे, दोन जिने चढून आलेले.

"पाठवलंस?"

"पाठवलं."

"कुठलं ते विचारत नाही." ते खुर्चीत बसले, दम गोळा केला. "गाडी काढ. मला शाहेला ने."

१६ जुलै

शाहेहून आलो. पेईच्या अंगणात सगळे जमले होते. मी सांगितलं, तुमचं चाचणीतलं नाव संपलं. खरं काय ते कळवलंय. पाकिटं आता मिळणार नाहीत.

कुणी रागावलं नाही. एक जण म्हणाला, "पोलीस येतील का?" मी नाही म्हटलं. त्याने हुश्श केलं. मला रडू येत होतं, पण ते तिथे शोभलं नसतं.

मग गुरुजींनी बाही वर केली. ओट्यावर बसून एकेकाची नाडी बघितली, डावा हात, उजवा हात. जीभ बघितली. झोप विचारली, तहान विचारली. प्रत्येकाला वेगळा काढा लिहून दिला, एकाचा दुसऱ्यासारखा नाही. मुळ्या आमच्या दवाखान्यातून नेहमीच्या रुग्णांसारख्याच मिळतील. ज्याच्या पायांवर सूज होती त्याला म्हणाले, "तुला इतके दिवस भलतंच पाजलं." तो म्हणाला, "पण गोड लागत होतं शेवटी." सगळे हसले, आणि हसणारे सगळे खोकले.

लुओची नाडी त्यांनी सर्वांत जास्त वेळ धरली.

परतताना गाडीत मी विचारलं, "त्याला ते औषध सोसलं असेल ना, गुरुजी? कोरड्या प्रकृतीला?"

"उपयोगाचं नव्हतं," म्हणाले. "अपायही नव्हता."

ते बाहेर मक्याच्या शेतांकडे बघत होते. मला बरं वाटलं. ही शंका मला खात होती.

२ ऑगस्ट

लुओ गेला. पेईचा फोन आला, एकच वाक्य. गुरुजींना कळवलं. त्यांनी त्या दिवशी घरी आलेल्या कुणालाही तपासलं नाही, जेवलेही नाहीत. एरवी रुग्ण गेला की एवढे खचत नाहीत, वय झालं.

१८ ऑगस्ट

समितीचा निर्णय: शाहेचे आकडे बाहेर काढायचे. बाकी ठिकाणी घरोघर तपासणी, तोवर सगळं बंद. आणि शाहेच्या लोकांना, त्यांनी मागितलं तर, कुणाला कुठलं पाकीट होतं ते सांगायचं. तो त्यांचा हक्क आहे. हुओने मला फोनवर एकेक नाव वाचून दाखवलं.

२१ ऑगस्ट

शाहेला जाऊन विचारलं. ऐकायचं का?

अंगणात सगळे एकमेकांकडे बघत राहिले. पेई म्हणाला, "नको." मग एकेक करत सगळे नको म्हणाले. कुणी कुणाला अडवलं नाही, तरी कुणी विचारलं नाही.

मी निघाले तेव्हा वहिनी गाडीपर्यंत आल्या. हातात कणसं बांधून दिली. मला वाटलं, आता विचारतील. बायकोला तरी जाणून घ्यावंसं वाटणारच.

त्या म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, एवढंच मागते. यांचं पाकीट कुठलं होतं ते मला कधीच सांगू नका. मी विचारलं तरी सांगू नका. हे आहेत तोवर मला यांच्याशी नीट राहायचंय."

"नाही सांगणार," मी म्हटलं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी गाडीच्या चाव्या शोधायला लागले. चाव्या हातातच होत्या.

पेईचं कुठलं होतं ते मी या वहीतही लिहिणार नाही.

९ जानेवारी

बरेच दिवस वही उघडली नाही. बाकी केंद्रांची तपासणी निर्दोष निघाली, चाचणी पुन्हा सुरू झाली. पेई गेल्या आठवड्यात गेला. बर्फामुळे मला वेळेवर पोचता आलं नाही. वहिनी पांढरं फडकं डोक्याला बांधून दारात उभ्या होत्या. एकही प्रश्न त्यांनी विचारला नाही.

३० सप्टेंबर

निकाल लागला. हुओ स्वतः लानचौहून आला. आम्ही तिघं गुरुजींच्या खोलीत बसलो. ते आता पडूनच असतात, पण उशीला टेकून बसवलं होतं.

हुओने सावकाश सांगितलं. श्वास किती भरता येतो, त्यात दोन गटांत फरक नाही. फुप्फुसाच्या फोटोत फरक नाही. मात्र खरं औषध घेणारे सहा मिनिटांत थोडं जास्त चालतात, आणि झोप बरी लागते असं सांगतात. फरक लहान आहे, पण तो आहे.

गुरुजी म्हणाले, "म्हणजे छातीतला दगड दगडच राहतो."

"हो, गुरुजी."

"आणि माणूस थोडा चालतो."

"हो."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. मग म्हणाले, "तिला अंगणापर्यंत जायचं होतं. शेवटच्या महिन्यात. तेवढंच म्हणायची."  हुओने चष्मा काढून पुसला.

११ ऑक्टोबर

लेख लिहून होत आला. एक परिच्छेद अडलाय. शाहेबद्दल काय लिहायचं? हुओने लिहून धाडलं, 'एका केंद्रावर सहभागींकडून नियमांचं उल्लंघन झाल्याने त्यांचे आकडे वगळले.' खोटं नाही. मी खोडलं. 'गैरवापर' लिहिलं, तेही खोडलं. 'औषधाची सरमिसळ' लिहिलं. त्याने असं वाटतं की पोतं फुटलं.

दुपारी तो कागद घेऊन गुरुजींकडे गेले. त्यांना वाचता येत नाही आता; मी वाचून दाखवलं.

"झालं होतं काय?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, विसरले. मी सांगायला लागले की पेईच्या अंगणात, मोठ्या पातेल्यात...

"अगं, मला माहीत आहे," ते म्हणाले. "तुला विचारतोय. झालं होतं काय? ते लिही."

तिथेच, त्यांच्या पलंगाच्या कडेवर कागद ठेवून लिहिलं: 'शाहे येथील सहभागींनी औषध, चाचणीबाहेरच्या एका सोबत्यासह, आपसांत सारखं वाटून घेतलं. म्हणून त्यांचे आकडे या निकालात नाहीत.'

वाचून दाखवलं. गुरुजींनी मान हलवली. मग म्हणाले, "त्या सोबत्याचं नाव लिहिता येतं का?"

"नाही येत, गुरुजी. नियम आहे."

"बरं," ते म्हणाले, आणि तोंड भिंतीकडे वळवलं.